मागल्या दाराची कडी

मागल्या दाराला आतून कडी होती.

रेश्मानं ढकलून पाहिलं. दार हललं नाही. गोठ्यातल्या म्हशीनं तेवढी मान वळवली. एरवी हे दार उघडं असायचं. कामावरून आली की रेश्मा मोटरसायकल गोठ्याशेजारी लावायची, इथूनच आत शिरायची, हेल्मेट नि जॅकेट दोरीवर टाकायची आणि साडी नेसून मगच सोप्यात जायची. सासूबाईंचा, बनुबाईंचा हुकूमच होता तसा. "असल्या अवतारात फुडल्या दारानं यायचं न्हाई. आपलं घर फौजीचं हाय, सर्कशीचं न्हाई."

पुढल्या दाराचा मान मोठा. सासरे केरबा फौजेतून सुट्टीवर यायचे, आता नवरा शंभूराज येतो. त्या उंबऱ्यावर बनुबाई आधी पायावर पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मगच माणूस आत घेतात. सुनेला त्या उंबऱ्यावर एकदाच पाणी मिळालं होतं, लग्नात.

आज कडी लागली, म्हणजे बातमी पोचली.

रेश्मा पलूसकडच्या एका उपकेंद्रात नर्स. लसीची पेटी गाडीला बांधायची आणि वस्त्या, मेंढपाळांचे तळ पालथे घालून बाळं टोचायची. मे महिन्याचं ऊन. डांबर चपलेला चिकटत होतं. अशा उन्हात ही बाई हेल्मेट, हातमोजे, बूट आणि कोपराखांद्याला गादी लावलेलं जाळीचं जॅकेट घालून निघायची. पारावरचे तात्याबा हटकून विचारायचे, "आज कुठली सरहद्द गं?" बनुबाईंना तर तिच्याकडं बघूनच घाम फुटायचा. "उकडून मरशील. साडी नेसून, डोक्यावर पदर घिऊन जा की, चार बायका जात्यात तशी."

केरबांनी मात्र सुनेची बाजू घेतली. त्यांची निम्मी नोकरी राजस्थानच्या वाळूत गेलेली. "उघड्या अंगाचं पाणी वारा पितोय," ते म्हणाले. "अंग झाकायचं, पर आतलं कापड वलं ठेवायचं. जाळीतनं वारं शिरलं की माठागत गार." आणि त्यांनी ट्रंकेतला आपला जुना सुती सदरा काढून तिला दिला. रेश्मा तो भिजवून, पिळून जॅकेटच्या आत घालायची. वाटेत हापसा दिसला की पुन्हा अंगावर पाणी ओतून घ्यायची. गाव घामानं निथळायचं आणि ही लेक गार असायची. बनुबाईंना ते काही पटलं नाही. दोघांपुढं त्यांचं चाललं नाही म्हणून त्यांनी अट घातली.

"एकदा जरी पडलीस, तर गाडीची चावी माझ्या हातात. नोकरी बंद."

आणि आज रेश्मा पडली. कालव्याच्या वळणावर मुरूम सांडला होता. गाडी एकीकडं गेली, ही दुसरीकडं, चांगली घसरत. कालव्याकडेला हरणाबाई मेंढरं चारत होती, ती ओरडत धावली. येऊन बघते तर रेश्मा उठून पेटीचं झाकण उघडत होती. आतला बर्फ जागच्या जागी होता, लस शाबूत होती. मग कुठं तिनं अंग चाचपलं. जॅकेटची पाठ फाटून लोंबत होती, कोपराची गादी बाहेर आली होती. कातड्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"मावशी, घरी सांगू नका तेवढं," ती म्हणाली. गाडी उचलली, सावकाश तळावर गेली आणि सगळी बाळं टोचूनच परतली.

आता हरणाबाईची मेंढरं दर साली केरबांच्याच रानात बसायची, लेंडीखतासाठी. त्या ओळखीत फोन नंबर आलाच. शिवाय हरणाबाईच्या पोटात भाकरी राहील, बातमी राहणार नाही.

रेश्मा घराला वळसा घालून पुढं निघाली. रडायचं नाही, तिनं ठरवलं. पडले, पण काम टाकून आले नाही, एवढं ताठ मानेनं सांगायचं आणि चावी द्यायची. तिनं चावी मुठीत घट्ट धरली.

पुढल्या अंगणात केरबा उभे होते. नेहमी खांबाला टेकणारा माणूस आज सरळ उभा होता. कुंपणापलीकडं तात्याबाही आले होते. बनुबाई दारातच होत्या. त्या पुढं आल्या, सुनेला खांद्याला धरून फिरवलं आणि फाटक्या जॅकेटमध्ये हात घालून तिची पाठ चाचपली. पाठ धड होती. आत केरबांचा सदरा होता, अजून ओला, गार.

"आदी पेटी बघितलीस म्हनं," बनुबाई म्हणाल्या. "मंग सोताला."

"व्हय, आत्या." रेश्मानं चावी पुढं केली.

बनुबाईंनी तिची मूठ मिटवली. "ठेव. उद्या लागंल."

रेश्मा हेल्मेट काढायला लागली तर त्यांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे डोक्यावर." मग उंबऱ्याआडचा तांब्या उचलून त्यांनी तिच्या धुळकट बुटांवर पाणी घातलं. हेल्मेटवरून भाकरतुकडा ओवाळला आणि दूर टाकला. केरबांची मान अभिमानानं वर झाली होती आणि डोळे भरले होते. तात्याबांनी आज सरहद्दीचं नाव काढलं नाही.

"आत्या, ते मागलं दार..." रेश्मानं विचारलं.

"मीच लावलंय," बनुबाई म्हणाल्या. "डूटीवरनं आलेलं मानूस ह्या घरात मागल्या दारानं येत नसतंय."