आतून कडी

रुग्णालयाच्या नव्या फोनयंत्रणेसाठी सर्व्हर तयार करायचं काम रालित्साकडे आलं, तेव्हा बल्गेरियातल्या प्लॉवदिव शहरातल्या त्या ऑफिसात तिची नोकरी अजून कच्चीच होती. भाड्याचं लिनक्स मशीन कुठेतरी दूर जर्मनीत. आपण इथून कीबोर्डवर हुकूम सोडायचे. तिने सगळं साग्रसंगीत केलं आणि शेवटी, चोराचिलटांची भीती नको म्हणून, फायरवॉल चालू केली. त्यासरशी मशीनची सगळी दारं बंद झाली. ज्या दारातून ती स्वतः आत शिरली होती, तेसुद्धा.

जुनं पुसून नवं मशीन उभं करायला अर्धा तास पुरला असता. कुणाला पत्ताही लागला नसता. ती जरा घुटमळली, मग उठून थेट साहेबाच्या, बोझिदारच्या खोलीत गेली.

"दादा, मशीनला आतून कडी लागली आणि मी बाहेर."

"हात्तिच्या! आधी आपली वाट मोकळी ठेवावी, मग कुलपं लावावीत, एवढंही कळत नाही?" तो खो खो हसला. "जा, खालच्या दुकानातून चॉकलेटचा डबा आण आणि सगळ्यांना वाट."

रालित्साचे कान तापले. "चूक केली म्हणून चॉकलेटं वाटू?"

"चुकीची नाही गं, नोकरी पक्की झाल्याची. तुझ्याआधीचे दोघंही असेच बाहेर अडकले होते, मला इथे बसून सगळं दिसतं. आत येऊन सांगणारी तू पहिलीच."