तपकिरी दोरा

“एका मास्तरांची गाडी आहे, साहेब. घर ते शाळा, शाळा ते घर. मीटर बघा, चार हजार आठशे किलोमीटर! सीटसुद्धा कंपनीचंच.” जुन्या गाड्यांचा दुकानदार इलेक्ट्रिक मोटरसायकलवर फडकं मारत, समोरच्या बाईला सोडून तिच्या दिराला म्हणाला.

दीर नुसता मान डोलवत होता. त्याला साधी सायकलही धड येत नव्हती. गाडी हवी होती वहिनीला. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिचं सीट-कव्हर शिवायचं दुकान. रोज दोन बस, त्याही उभ्याने. गुडघ्याने जीव नकोसा केला होता. एका चार्जिंगमध्ये जाऊन-येऊन व्हावं, एवढंच तिचं मागणं.

तिने सीटवरून हात फिरवला. मागच्या कडेशी तो थांबला.

“किल्ली द्या.”

“वहिनींना जड जाईल हो ही,” दुकानदार दिराला म्हणाला.

“किल्ली द्या म्हणते ना!”

तिने सीट काढून उलटं केलं. कोपऱ्यातली वीतभर शिवण तपकिरी दोऱ्याची. त्या दिवशी तिच्या दुकानातला काळा दोरा ऐनवेळी संपला होता आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. पार्सलं पोचवणारा माणूस, पाठीवर भलामोठा चौकोनी डबा. “आटपा ताई, दुसरी पाळी सुरू होईल माझी.” वर्षात दोनदा आला होता. दोन्ही वेळा आतला फोम बसून बसून चपटा झालेला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हे सीट मी शिवलंय! एकदा नाही, दोनदा! ही गाडी दिवसरात्र पार्सलं वाहायची. बॅटरीत जीव तरी उरलाय का हिच्या? भर पुलावर बंद पडली तर ढकलायला तुमचे मास्तर येणार?”

“वहिनींचा काहीतरी गैरसमज झालाय,” दुकानदार म्हणाला. तेही दिरालाच!

“मला काय सांगता?” दीर पहिल्यांदाच बोलला. “त्यांच्याशी बोला. चला वहिनी, बस चुकेल.”

ती लंगडत दारापर्यंत गेली. समोरून गणवेशातली एक नर्स आत आली, दमलेली, हातात हेल्मेट.

“या, या मॅडम! तुमच्यासाठीच ठेवलीय. एका मास्तरांची गाडी...”

बाहेर बस येऊन थांबली. दीर हाका मारू लागला.

ती मागे फिरली. मोटरसायकलशेजारचं स्टूल ओढून दुखरा पाय लांब करून बसली. उलटं सीट तिने मांडीवर घेतलं.

“हं, सांगा,” ती दुकानदाराला म्हणाली. “मास्तरांचं पुढे सांगा.”