हेल्मेटचं क्रियापद

अनुवाद ही एकांतातली साधना आहे, असं मी व्याख्यानांत सांगतो. प्रत्यक्षात ती आमच्या डायनिंग टेबलावर, दोडक्याच्या साली बाजूला सारून चालते.

त्या दिवशी चाकणच्या एका कारखान्याची सुरक्षापुस्तिका इंग्रजीतून जपानीत करत होतो. ती पसंत पडली तर पुढची कामं आम्हा नवरा-बायकोला, नाहीतर सॉफ्टवेअरला. इंग्रजीत हेल्मेट, बूट, हातमोजे, गॉगल, सगळ्यांना एकच 'वेअर'. जपानीत प्रत्येकाचं क्रियापद वेगळं. मी शब्दकोश उघडला.

"मिट तो," बायको म्हणाली. "सर काय सांगायचे? आधी अंगावर चढवा, मग बोला."

सर म्हणजे आमच्या तरुणपणच्या जपानी वर्गाचे. तिनं माझं स्कूटरचं हेल्मेट डोक्यावर चढवलं. "काबुरु." पायात माझे बूट. "हाकु." ओव्हनचे हातमोजे. "हामेरु. लिहितोयस ना, की नुसता बघतोयस?"

बघतच होतो. तिनं हातमोजा घातलेल्या हातानंच माझा चष्मा ओढून स्वतःच्या नाकावर ठेवला. "काकेरु."

वर्गातही तिनं असाच तो पळवला होता आणि तास संपेपर्यंत दिला नव्हता. मला फळा दिसेना. शेजारी बसलेली ही तेवढी दिसत होती.

"अरे, रडतोस काय?"

"चष्म्याशिवाय डोळ्यांतून पाणी येतं."

"येतं हो. लिही."

अनुवाद उत्तम झाल्याचं कारखान्यानं कळवलं. पुढच्या वर्षीपासून पुस्तिकेत फक्त चित्रं असतील, हेही कळवलं.