विहिरीतलं पान

"आबा, इथं पूर्वी दाट जंगल होतं," प्रेरणा म्हणाली आणि केरबा तंबाखू मळता मळता थांबला.

पुण्याच्या कॉलेजात जुन्या दगडांचा अभ्यास करणारी ही मुलगी सकाळच्या गाडीनं आली होती. विहीर खणताना निघालेला राखाडी दगड तिनं मांडीवर घेतला होता. त्यावर पानाचा ठसा होता, शिरांसकट. परवापर्यंत केरबाची बायको विठाबाई त्यावर धुणं आपटत होती.

"जंगल व्हतं असं कोन म्हनतं?"

"हे पानच म्हणतंय. टोक बघा, कसं लांब निमुळतं आहे. जिथं बारमाही पाऊस असतो तिथल्या झाडांची पानं अशी असतात."

"आन् ह्ये तुमी लिवनार?"

"लिहिणारच! गावाचं नाव, गट नंबर, सगळं."

गट नंबर! केरबानं बायकोकडं पाहिलं. शेजारच्या कोंडाजीच्या सातबाऱ्यावर गेल्या साली 'वन' असा शिक्का बसला. तेव्हापासून बिचारा स्वतःच्याच बांधावर चोरासारखा हिंडत होता. त्याच्याकडंही आधी कुणीतरी असंच गोड बोलून, फोटो काढून गेलं होतं.

"किती सालामागं व्हतं म्हना हे जंगल?"

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वी."

केरबाची खात्रीच पटली. एवढी मोठी थाप मारणारी बाई साधी नसणार.

"ताई, ह्यो दगड हितला न्हाईच. मेव्हन्यानं देहूरोडवरनं आनलाय."

"खरंच?" तिचा चेहरा उतरला.

"व्हय, माझ्या भावानंच," विठाबाई म्हणाली. तिला भाऊच नव्हता.

"मग याचा मला काही उपयोग नाही, आबा. जागा कळल्याशिवाय हा नुसताच दगड." तिनं वहीतली ओळ खोडली, चहाचा कप विसळून ठेवला आणि गेली.

ती वळणाआड होताच केरबानं घण उचलला.

"अवो, ऱ्हाऊ द्या की. धुन्याला बरा हाय."

"पुरावाच नगं."

एकाच घावात दगड वहीसारखा उघडला. दोन्ही भागांवर पानंच पानं होती, एकावर एक पडलेली, काळीभोर. विठाबाईनं घाईघाईनं त्यांवर धुण्यातलं लुगडं टाकलं.

केरबानं घाबरून विहिरीत डोकावलं. तोच राखाडी थर चारी बाजूंनी त्याच्या शेताखाली शिरला होता.