वासितीचा अर्ज

"ही इथे नको," प्रोफेसर डेस ऑलरेड म्हणाले आणि वासिती नाइवालूचा अर्ज त्यांनी बाजूला सरकवला.

सिना लेआवासाने कप खाली ठेवला. ब्रिस्बेनच्या विद्यापीठात जीवभौतिकीचा नवा गट तिला मिळून चार महिने झाले होते. पीएचडीच्या जागा दोन, अर्ज एकशे बारा. निवड तिची, पण विभागाने सोबत निवृत्तीला आलेले ऑलरेड बसवले होते. कालच्या मुलाखतीत त्यांनी बाकीच्यांना दोन-दोन प्रश्न विचारून सोडलं. फिजीहून पडद्यावर आलेल्या वासितीला मात्र त्यांनी वीस मिनिटं पिळून काढलं. सिनाचं तेव्हापासून डोकं तापलं होतं.

"का नको?"

"चार वर्षं फुकट जातील."

"कुणाची? विद्यापीठाची? अडतीस वर्षांची आहे, सुवाच्या हॉस्पिटलात रक्त तपासते, एवढंच दिसलं ना तुम्हाला?"

"मी तसं म्हणालो नाही. ऐकून तर घे..."

"ऐकतच आलेय, डेस. माझ्या वेळीही एकजण म्हणाला होता, सामोअन मुलगी आहे, रग्बीत पाठवा हिला."

ऑलरेडांनी चष्मा काढून पुसला. "तुझा गट आहे," ते म्हणाले आणि उठून गेले.

सिना तेवढ्यावर थांबली नाही. तिने डीनना दोन पानी पत्र लिहिलं. रविवारी लोगनला आईकडे जेवायला गेली तेव्हाही तोंडात तोच विषय.

"त्या म्हाताऱ्याला मी सोडणार नाही," ती म्हणाली.

"आधी जेव," आई म्हणाली. "तारोचे कंद गार होतायत."

डीननी ऑलरेडांना निवडीच्या कामातून मोकळं केलं आणि शुक्रवारी वासितीच्या नावावर सही केली. सिनाने लगेच सुवाला फोन लावला. पडद्यावर वासिती दिसली, हॉस्पिटलच्या निळ्या गणवेशात. सिनाने तिला सगळं सांगितलं. कोण काय बोललं, आपण कुणाला कसं सुनावलं, डीनना काय लिहिलं.

"तर ये आता," सिना म्हणाली. "जागा तुझी आहे."

"खूप आभार, डॉक्टर. पण मी येत नाही."

"त्यांना घाबरू नकोस. मी आहे ना."

"घाबरत नाही. मला त्यांचं पत्र आलंय. सहा पानांचं."

सिनाचा पारा पुन्हा चढला. "काय लिहिलंय? दाखव मला."

"त्यांनी लिहिलंय, मधुमेहात रक्तातली पेशी किती ताठ होते ते मोजायची तुझी कल्पना खरी आहे. पण त्यासाठी अख्खी पेशी पकडून ताणावी लागते. ब्रिस्बेनचं यंत्र नुसत्या रेणूंसाठी बांधलंय, त्याला ते झेपणार नाही. तसं यंत्र मेलबर्नला आहे. निवडीच्या बैठकीत हे सांगायला जमलं नाही, म्हणून लिहितोय, असंही लिहिलंय. मेलबर्नच्या लोकांशी ते स्वतः बोलले. बुधवारी तिथे माझी मुलाखत झाली, काल होकार आला."

यंत्र सिनानेच बांधून घेतलं होतं. ते काय उचलतं आणि काय नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"इथे दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा पाय कापतात, डॉक्टर. माझ्याकडे वाया घालवायला चार वर्षं नाहीत." वासितीचा आवाज चढला नाही. "तुम्ही माझ्यासाठी भांडलात, ते मी विसरणार नाही. पण वीस मिनिटं त्यांनी मला पिळलं, ते माझं काम समजून घ्यायला. तुम्ही मला एकच प्रश्न विचारला होता, या वयात शिकायला घरचे पाठवतील का."