एका सीटची गाडी

इवानोची नवी लाल मोटरसायकल माझ्या बोलोन्याच्या वर्कशॉपात पुढचं चाक पकडीत घट्ट अडकवून उभी होती. दोनशे दहा हॉर्सपॉवर, सीट एकच. त्याला लगेच फुताच्या घाटात पळवायची होती, म्हणून मी मागची स्प्रिंग त्याच्या वजनाप्रमाणे जुळवत होते.

तो बसला. गाडी मागून तीन सेंटिमीटर दबायला हवी होती. मी टेपने मोजलं, सहा दबली होती.

"मागे कुणाला घेतलंयस रे?"

"फाउस्ता, म्हातारी झालीस. टेप बदल."

"उतर बघू."

तो उतरला. गाडी तीनच सेंटिमीटर वर आली.

इवानोचं हसू मावळलं. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. "आज नाही जात मी."

तेव्हा गाडी उरलेले तीन सेंटिमीटर सावकाश वर आली, कुणीतरी जपून खाली उतरावं तशी.