दक्षिणमुखी कॅरॅव्हॅन

"बाकी सगळं झकास आहे सुभेदार, पण दार दक्षिणेला येतंय," कृष्णात तोंड पाडून म्हणाला. "आमच्या घरात हे चालायचं नाही."

हे त्याचं ठेवणीतलं अस्त्र. याच्यापुढं आजवर एकही विकणारा टिकला नव्हता.

कारण सांगलीचा कृष्णात आणि त्याची बायको माया कॅरॅव्हॅन घेणारे नव्हते, नुसते बघणारे होते. जीपला जोडून न्यायची ती चाकांवरची खोली कुणी विकायला काढली की कृष्णात फोन लावायचा, दोन दिवस 'राहून बघतो' म्हणायचा आणि रविवारी एखादी खोड काढून घरी यायचा. कोयनेकाठी एक दिवाळी, कासच्या वाटेवर एक वाढदिवस, सगळं असंच फुकटात उरकलं होतं.

या खेपेला पाचगणीजवळचा माळ होता. गाडी निवृत्त सुभेदार लालासाहेबांची. निघताना मायानं बजावलं होतं, "अहो, एक दिवस एखादी गाडी खरंच गळ्यात पडंल. तसं झालं तर तुम्ही ऱ्हावा तिच्यात, मी चालले माहेरी पलूसला."

खरं तर सुरुवात झकास झाली होती. लालासाहेबांनी फोनवर दोनच प्रश्न विचारले होते.

"पावनं, कामधंदा काय करता?"

"साखर कारखान्यात फिटर आहे."

"आन् मंडळी?"

"शिवणकाम करते."

"मग या की! ह्याच शनिवारी या."

महिन्याचा ठरलेला पगार ऐकून म्हातारा भुलला, असं कृष्णातनं ओळखलं.

शनिवारी पोचल्या पोचल्या लालासाहेबांनी पाना हातात दिला. "उद्या मालक व्हायचं तर चाकं खोलता आली पायजेत. मी सांगतो, तुमी करा."

खरं गिऱ्हाईक दिसायचं तर हात काळे करावे लागतात, हे कृष्णातला पक्कं ठाऊक. त्यानं चारी चाकं खोलली, बेअरिंगला ग्रीस भरलं, ब्रेकची वायर ओढून घेतली. छपरावर चढून फटी बुजवल्या. संडासाची टाकी नाक दाबून रिकामी करून आला. मायानं पुढच्या कनातीची उसवलेली शिवण घातली. लालासाहेब खुर्चीत बसून "भले! हात बसला बघा तुमचा," म्हणत होते. त्यांच्या बायकोनं, मनुबाईनं, गरम भाकरी आणि अख्खा मसूर वाढला. माया स्ट्रॉबेरी खात मावळतीकडं तोंड करून बसली. बाहेरगावी जाऊन याहून काय वेगळं करायचं असतं?

आता रविवार होता आणि दक्षिणमुखी दाराची खोड काढून सुटायचं तेवढं बाकी होतं.

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "दक्षिण व्हय? एवढंच ना?"

ते उठले, जीप घेऊन आले आणि कॅरॅव्हॅन तिला जोडली. कृष्णातला चाकाखालचे दगड काढायला लावले, माळावर एक गिरकी मारली आणि गाडी पुन्हा टेकवली.

"घ्या. पूर्वमुखी! आता लावा जॅक."

कृष्णात जॅक लावता लावता घामाघूम झाला. कुठल्याही घराला लागू पडणारी खोड या घराला लागू पडत नाही, हे त्याच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

"तसं नाही," तो चाचरत म्हणाला, "बाजारात नवीन मॉडेल आलंय म्हणतात. बटण दाबलं की छप्पर वर उचलतं. आत न्हाणीघरबी आहे."

"बघून आलोय आमी ते," मनुबाई आतून कडाडली. "चुलीला लागून संडासाचं दार! एकानं भाकरी थापायची आन् दुसऱ्यानं शेजारी बसायचं व्हय? वर उचलंल तिथनं पाऊस आत. आग लागो त्या मॉडेलला!"

"तर!" मायाच्या तोंडून निघून गेलं. कृष्णातनं तिच्याकडं डोळे वटारले.

तेवढ्यात लालासाहेबांनी ट्रंकेतून गाडीचे कागद काढले. चष्मा लावला. पेनाचं टोपण काढलं. माया पलूसच्या गाडीची वेळ आठवत असावी, अशी उभी राहिली.

"वाचा नीट," लालासाहेब म्हणाले. मग पाय धरू की पळू अशा अवस्थेतल्या कृष्णातकडं बघून हसले. "पर घाई न्हाई गड्या. घरी जावा, चार माणसांत ईचार करा. गाडी काय पळून चालली न्हाई."

"कळवतो! नक्की कळवतो!" कृष्णातनं मोटारसायकलला किक मारली.

वाई मागं पडली. मग माया म्हणाली, "लय साधी माणसं हो. पाप लागंल आपल्याला."

"आता इतकी साधी असतील तर आपण काय करणार?" कृष्णात म्हणाला. असली सोन्यासारखी जागा वाया घालवू नये म्हणून त्यानं सोमवारी मेहुण्याला बोलावून घेतलं. ऋषिराजला दोन दिवस कुठंतरी जायचंच होतं. कृष्णातनं नंबर दिला, काय बोलायचं ते पढवलं, ओळख मात्र सांगू नको म्हणाला. ऋषिराजनं फोन स्पीकरवर टाकला.

"गाडी बघायची हाय? या की!" लालासाहेबांचा आवाज घुमला. "पावनं, कामधंदा काय करता?"

"रंगकामाचे ठेके घेतो."

"वा, वा! ह्याच शनिवारी या."

ऋषिराज अंगठा दाखवून हसला. कृष्णातही हसला. पलीकडं फोन ठेवल्यासारखा खाडकन आवाज झाला, पण फोन बंद झाला नव्हता.

"मनू, रंगारी घावला गं!" लालासाहेब ओरडत होते. "आता एक वायरमन तेवढा मिळू दे, की विकायची जाहिरात काढून टाकू."